खुलासा व्हावा

‘मोडकं-तोडकं मंडळ’ या ऑनलाइन गटाविषयी हल्ली बरंच बोललं जातं, आणि त्याला चांगले दिवस कोणी आणले याविषयी त्याहून जास्त. आमचा मेहुणा म्हणतो, त्याने. वरच्या मजल्यावरचे विमा एजंट म्हणतात, त्यांच्या मार्गदर्शनाने. वाचनालयाचे कार्यवाह ‘आपण सर्वांनी’ असं म्हणतात. आणि सर्वांनी मिळून केलेल्या कामाचं श्रेय शेवटी कार्यवाहांच्या खात्यावर जमा होतं, हा सार्वजनिक जीवनाचा जुना नियम आहे. म्हणून वस्तुस्थिती एकदा लिहून ठेवणं भाग आहे. या गटातली पहिली कॉमेंट माझी. पुढच्या पोस्टखालची पहिलीही माझीच. त्या दोन्हींमुळे गटाचं अतोनात नुकसान झालं, हा मुद्दा वेगळा.

गट आमच्या हिचा. घरातली मोडकी वस्तू टाकून देण्याआधी एकदा उघडून बघावी, असं हिचं साधं तत्त्व आहे. दर रविवारी सकाळी ही एक पोस्ट टाकते. मिक्सर मध्येच का थांबतो, छत्रीची काडी कशी बदलायची, कढईचा डुगडुगणारा कान कसा आवळायचा. सोबत फोटो. त्या फोटोंत कोपऱ्यातून बॅटरी धरलेला जो अंगठा दिसतो, तो माझा. प्रकाशयोजनेबद्दल कोणी कधी चकार शब्द काढला नाही, पण मी त्याचं भांडवल करत नाही.

खरं तर चकार शब्द कोणी कशाबद्दलच काढत नव्हतं. सभासद तीनशेच्या वर. पोस्टखाली उमटायचे दोन अंगठे. एक मेहुण्याचा, तो कशालाही अंगठा देतो, एका काकांचा पाय मोडल्याच्या बातमीलाही त्याने दिला होता. दुसरा अंगठा खिडक्या-दरवाजे विकणाऱ्या कुठल्याशा दुकानाचा. बाकी सामसूम. खऱ्याखुऱ्या सभागृहात तीनशे माणसं बसली असती आणि कोणी हूं की चूं केलं नसतं, तर आपण डॉक्टरांना बोलावलं असतं. ऑनलाइन जगात याला सभासदत्व म्हणतात.

त्यात खोलीचं निघालं. आमच्या गल्लीतल्या वाचनालयाच्या मागे एक खोली रिकामी पडून आहे. लांब टेबल, उत्तरेची खिडकी, भिंतीत चार-पाच प्लगपॉइंट. रविवारी सकाळी तिथे बसावं, लोकांनी मोडक्या वस्तू आणाव्यात, चार हातांनी मिळून त्या उघडाव्यात, असं हिच्या मनात फार दिवसांपासून होतं. हिने अर्ज केला. अर्ज गेला कार्यवाहांकडे. कार्यवाह व्यवसायाने दातांचे डॉक्टर. त्यांची सवय अशी, की महत्त्वाचा प्रश्न ते समोरच्याच्या तोंडात कापूस भरल्यावरच विचारतात. माझी दाढ दुखत होती म्हणून मी गेलो, तर त्यांनी आरसा आत घालून सांगितलं, की समितीचा ठराव आहे, मागची खोली फक्त ‘सक्रिय समूहाला’ द्यायची. महिनाअखेरीस समिती तुमचा गट उघडून बघेल. तोवर कोणी बोलताना दिसलं नाही तर खोली दुसऱ्या अर्जदाराला जाईल. मान्य आहे ना? मी ‘आ’ केला. तो ‘आ’ संमती म्हणून धरण्यात आला. ‘सक्रिय’ची व्याख्या ठरावात नव्हती. व्याख्या ठरावात नसली की ती कार्यवाहांच्या मनात असते, आणि तिथे आपल्याला आरसा घालता येत नाही.

दुसरे अर्जदार म्हणजे आमच्या वरच्या मजल्यावरचे विमा एजंट. त्यांना सगळी इमारत सुप्रभातकर म्हणते, कारण ते ‘सुप्रभात परिवार’ नावाचा गट चालवतात. रोज पहाटे ते उगवत्या सूर्याचा फोटो टाकतात आणि नाश्त्यापर्यंत त्याखाली शेकडो फुलं जमा होतात. सूर्य उगवला, एवढीच त्यात बातमी असते. आणि ती खोटी ठरल्याचं उदाहरण अजून तरी नाही. सक्रियता म्हणून बघाल तर त्या गटाचा हात कोणी धरणार नाही.

मी घरी येऊन अर्धवट बधिर तोंडाने हे सगळं सांगितलं. हिने हातातली पक्कड खाली ठेवली.

“महिनाअखेरपर्यंत बघते,” ही म्हणाली. “नाहीतर खोलीही नको आणि गटही नको. बंद करून टाकते. भिंतींशीच बोलायचं तर घरात चार आहेत, त्याला इंटरनेट कशाला?”

आणि हिने पाचव्या भिंतीकडे, म्हणजे माझ्याकडे, बघितलं.

हे मला लागलं. कारण हिची प्रत्येक पोस्ट मी अथपासून इतिपर्यंत वाचत आलो आहे. लिहिलं कधी काही नाही, पण त्याला कारण आहे, आणि ते समजण्यासाठी आमचं खातं समजून घ्यायला हवं. मी लेखापरीक्षक. दुसऱ्यांनी केलेले हिशोब तपासणं हे माझं काम. आमच्याकडे चूक सापडली तरच शेरा मारतात. चूक नसेल तर हिरव्या पेन्सिलीची बारीक खूण करून पान उलटायचं. बरोबर काम बघून ‘वा, छान’ असं लिहिणाऱ्या लेखापरीक्षकाचीच आधी चौकशी लागेल. थोडक्यात, माझं गप्प बसणं हे प्रमाणपत्र असतं. जेवतानाही मी बोलत नाही, याचा अर्थ भाजी निर्दोष आहे. अशी हजारो प्रमाणपत्रं हिच्या नावावर जमा आहेत. ती हिला आजवर मिळालेली नाहीत, ही केवळ पोच होण्यातली अडचण.

तरी मी निश्चय केला. पुढच्या रविवारी इस्त्रीची वायर बदलण्यावर पोस्ट आली आणि मी तिच्याखाली गटाच्या इतिहासातली पहिली कॉमेंट लिहिली:

“वाचले. दुसऱ्या परिच्छेदात स्क्रूंची संख्या तीन दिली आहे. छायाचित्रात चार दिसतात. तफावतीबाबत खुलासा व्हावा.”

खाली नाव आणि हुद्दा. सवय.

पलीकडच्या खोलीत फोन वाजला. थोड्या वेळाने ही दारात येऊन उभी राहिली.

“खुलासा हवाय?”

मी म्हटलं, चर्चेला तोंड फोडलं.

“चौथा स्क्रू म्हणजे तुमच्या शर्टाचं बटण आहे. बॅटरी धरायला वाकलात तेव्हा पडलेलं. आणून देऊ, की फोटो पाठवू?”

मी छातीशी हात नेला. बटण नव्हतं. पण तोपर्यंत गटात खळबळ माजली होती. आमच्या हिचे तीनशे सभासद म्हणजे काही आकाशातून पडलेली माणसं नव्हेत. अर्धेअधिक कुठल्या ना कुठल्या कार्यालयात आहेत, आणि ‘खुलासा व्हावा’ हे दोन शब्द वाचले की ते आधी जुन्या फायली शोधायला लागतात. मंडळावर चौकशी बसली, असा समज पसरला. दहा-पंधराजण तडकाफडकी गट सोडून गेले. एका गृहस्थांनी जाता जाता लिहिलं, “सदर स्क्रू माझ्या कार्यकाळातील नसावा.” बदलीच्या गावी पोचलेल्या कोणीतरी कळवलं, की त्यांनी इस्त्री रीतसर पुढच्या माणसाच्या ताब्यात दिली होती. एकंदर पाच कॉमेंट झाल्या. त्या दिवसापर्यंतचा तो उच्चांक होता, हे मी हिच्या नजरेला आणून दिलं. जेवण त्या दिवशी दोघांकडूनही निर्दोष शांततेत झालं.

पुढच्या रविवारी मी धोरण बदललं. छत्रीवरची पोस्ट दोनदा वाचली. कुठेही तफावत नव्हती. मग मी अत्यंत विचारपूर्वक, एरवी मी कधीच करत नाही ते केलं, आणि लिहिलं: “समाधानकारक.”

आता या शब्दाची किंमत बाहेरच्या माणसाला कळणार नाही. आमच्या खात्यात याच्या वरचा शेरा नाही. माझ्या सबंध नोकरीत मी तो एकदाच दिला आहे, आणि ज्यांना दिला त्या लेखापालांनी त्याची चौकट करून घरात लावली. आमची ही मात्र मोबाइल माझ्यासमोर धरून म्हणाली, “समाधानकारक? परीक्षेला बसले होते का मी?” गटातल्या एका सभासदाने तर निर्मळ मनाने विचारलं, की ताई नापास झाल्या का?

माझ्या स्वाभिमानाला इतकी ठेच लागल्यावर सल्ले देणारे जमणारच. सुप्रभातकर जिन्यात भेटले. ते प्रतिस्पर्धी, पण सल्ला देण्याच्या बाबतीत शत्रू-मित्र असा भेद करत नाहीत. त्यांच्या मते आमच्या गटाचा मूळ दोष हा, की त्यात माहिती असते. माहिती वाचायला वेळ लागतो, वाचल्यावर विचार येतो, आणि विचार आला की माणूस गप्प बसतो. “फूल टाका साहेब,” ते म्हणाले, “फुलाला फूल मिळतं.” मी म्हटलं, फुलाने मिक्सर चालतो का? तर म्हणाले, मिक्सर नाही, पण गट चालतो. सांगताना ते जरा खालच्या आवाजात बोलले आणि मला वाटलं, या गृहस्थांना स्वतःचंच म्हणणं फारसं आवडलेलं नाही. पण दुसऱ्याच्या मनातलं तपासण्याचा मला अधिकार नाही.

मेहुणा संध्याकाळी घरी आला, माझा पडलेला चेहरा बघितला आणि म्हणाला, “भाऊजी, तुम्ही फक्त बसा. मी माणसं आणतो.” हा मुलगा कार विकण्याच्या शोरूममध्ये आहे. माणसं आणणं हा त्याचा धंदा. मी त्याला नियमबाह्य काही करू नकोस असं बजावलं, आणि त्याने ‘छे छे’ म्हटलं. तेवढ्यावर माझी जबाबदारी संपते, असं मी त्या वेळी समजलो.

दुसऱ्या दिवशी गटात नवे चेहरे दिसू लागले. एक प्रेमळ गृहिणी. एक होतकरू इंजिनियर. एक पांढऱ्या दाढीचे आजोबा. आणि सगळे बोलत होते! “वा ताई मस्त!” गृहिणी म्हणाली. “ताई नादच नाही!” इंजिनियर म्हणाला. पांढऱ्या दाढीचे आजोबा म्हणाले, “ताई, कधी येऊ जेवायला?”

माझा ऊर भरून आला. समितीने आत्ता, या क्षणी गट उघडावा, असं वाटलं. हिने ते सगळं शांतपणे वाचलं, फोन उचलला आणि भावाला लावला. “आजोबांना म्हणावं, जेवायला या,” ही म्हणाली. “येताना गृहिणीला आणि इंजिनियरलाही आणा. तिघांना एकच ताट वाढते.” सख्ख्या भावाची लकब बहिणीला दाढीच्या फोटोमागूनही ओळखू येते, हे त्या गाड्या विकणाऱ्याच्या लक्षात आलं नव्हतं.

हिने एकेक करून सगळे खोटे सभासद काढून टाकले. आणि त्याच ओघात मलाही.

मी फोन उघडला तर ‘तुम्ही या गटाचे सभासद नाही’ असं उत्तर. माझ्याच घरात, माझ्याच इंटरनेटवर, ज्या गटाला मी अंगठा दिला त्या गटाच्या उंबऱ्याबाहेर मी उभा. मी हाक मारली, अगं, मला का काढलंस? ती खोटी माणसं मी केली नव्हती.

“तुम्हाला माहीत होती,” आतून उत्तर आलं. आणि मग जरा वेळाने, “मला खोटी तीनशे नकोत हो. खरा एक चालला असता.”

याच्यावर मी शेरा मारला नाही.

पुन्हा आत यायचं तर रीतसर अर्ज. अर्जात तीन प्रश्न. पहिला, या गटात का यावंसं वाटतं? तो सोपा होता; मी मंडळाचे उद्देश त्यांच्याच शब्दांत लिहून दिले. तिसरा, नियम मान्य आहेत का? मान्य. मधला प्रश्न असा: ‘तुम्ही शेवटची दुरुस्त केलेली वस्तू कोणती?’

इथे मी अडलो. आयुष्यात मी दुरुस्त्या सुचवल्या पुष्कळ. एका पाणी खात्याला तर बेचाळीस सुचवल्या होत्या. पण स्वतःच्या हाताने? उत्तर खोटं देता आलं असतं, बॅटरी धरली तेही लिहिता आलं असतं. पण पुरावा मागितला तर अंगठा दाखवण्यापलीकडे माझ्याकडे काही नव्हतं. शिवाय माणसाला स्वतःच्या खात्याची काही लाज असते.

तेव्हा रविवारी दुपारी मी टेबलफॅन जेवणाच्या टेबलावर घेतला. हा आमच्या झोपायच्या खोलीतला पंखा फिरताना टक्‌ टक्‌ करायचा. मागे एकदा त्याने असंच केलं तेव्हा हिने तो दुरुस्त करून त्याच्यावर एक पोस्ट लिहिली होती, फोटोंसकट, अंगठ्यासकट. ती गटाबाहेरच्यांनाही वाचायला खुली होती. मी खुर्ची ओढली, फोन पाण्याच्या तांब्याला टेकून उभा केला, आणि वाचत वाचत पंखा उघडला. जाळी काढली. पातं काढलं. मागचं झाकण काढलं. धूळ पुसली, खाली पडलेलं उचलून टेबलावर ठेवलं, तेलाचे दोन थेंब सोडले. मला सांगायला अभिमान वाटतो, की उघडण्याच्या कामात माझ्याकडून तसूभरही कसूर झाली नाही. मग मी सगळं उलट क्रमाने बंद केलं, स्क्रू असे आवळले की पुन्हा कोणाची तक्रार येऊ नये, आणि टेबलावर बघितलं तर एक नट उरलेला.

बटण दाबलं. टक्‌ टक्‌ पूर्ण बंद झाली होती. कारण पंखा फिरतच नव्हता.

मी हाक मारली, “अगं, हा नट कुठला?”

“गटात विचारा,” पलीकडच्या खोलीतून आवाज आला.

“मला गटातून काढलंय.”

“मग अर्ज करा.”

मी अर्ज उघडला. मधल्या प्रश्नापुढे लिहिलं: ‘काहीही नाही. एक पंखा उघडला आहे. तो फिरत नाही.’ पाठवला. पलीकडे फोन वाजला.  मग माझा फोन वाजला: ‘तुमचं मंडळात स्वागत आहे.’ हे वाक्य सगळ्यांना आपोआप जातं, हे मला माहीत आहे. तरीही बरं वाटलं.

आणि मग पंख्यावरच्या त्या जुन्या पोस्टखाली, जिथे आजवर कोणी काही लिहिलं नव्हतं, मी लिहिलं:

“वरील कृतीप्रमाणे पंखा उघडला. बंद केल्यावर एक नट उरला आहे. कुठला ते कळत नाही. पंखा फिरत नाही. याआधी मी कधी काही दुरुस्त केलेलं नाही. पुढे काय करायचं, कोणी सांगेल का?”

शेवटी बोटांनी आपोआप ‘खुलासा व्हावा’ लिहिलं होतं. ते मी खोडलं. हुद्दाही लिहिला नाही.

पहिलं उत्तर आलं तेव्हा मी अजून स्क्रूड्रायव्हर शोधत होतो. कुठल्याशा हॉस्पिटलातल्या नर्सबाई. “घाबरू नका काका. आधी बघा, दांडा बोटाने फिरतोय का?” बघितलं. फिरत नव्हता. एका निवृत्त बाईंनी पंख्याचे समोरून, बाजूने आणि मागून फोटो मागवले आणि प्रत्येक भागाला नाव देऊन सगळ्यांना पाठ करायला लावलं; त्या शाळेत भूगोल शिकवायच्या हे सांगावं लागलं नाही. कोणी म्हणे मोटर जळली, कोणी म्हणे वास येतोय का, कोणी म्हणे काका स्क्रू कसे आवळले? मी अभिमानाने लिहिलं, एकेक करून, पूर्ण ताकदीने. त्याबरोबर सात-आठ माणसं एकदम लिहू लागली. तिथेच चुकलं! एक बाजू आधी आवळली की दांडा तिरका होऊन अडकतो. सगळे अर्धा वळसा सैल करा. समोरासमोरचे थोडे थोडे आवळा. मध्ये मध्ये दांडा फिरवून बघा. स्क्रूच्या बाबतीत माझ्यामुळे पळालेले ते गृहस्थसुद्धा परत आले, “पंखा साहेबांचा स्वतःचाच आहे ना? मग हरकत नाही,” असं म्हणून त्यांनी अत्यंत उपयुक्त सूचना केली, की आधी प्लग काढा.

आणि नट? नटावर तर संमेलनच भरलं. कोणाकडे डबाभर उरलेले होते, कोणाकडे बरणीभर. एका बसड्रायव्हरने लिहिलं, “उरलेला नट फेकायचा नाही साहेब. खिशात ठेवायचा. तो कुठला ते आपल्याला कळत नाही, त्याची जागा आली की तोच सांगतो.” मी नट खिशात ठेवला.

समोरासमोरचे स्क्रू थोडे थोडे आवळले. बटण दाबलं. पंखा फिरला. टेबलावरचा कागद उडाला आणि तो पकडायला मी गेलो नाही. गटात लिहिलं, फिरला. त्यावर टाळ्यांची जी चित्रं आली ती मोजण्याचा मोह मी टाळला.

पण गोष्ट तिथे थांबली नाही. त्या सगळ्या गलक्यात कोणा एका बाईंची कॉमेंट आली. पूर्वी कधी दिसल्या नव्हत्या. लिहिलं होतं: “गेल्या वर्षी याच पोस्टवरून मी आईच्या खोलीतला पंखा केला. आई आता त्याच्याच वाऱ्यात झोपते. ताईंना सांगायचं राहून गेलं.”

तिच्याखाली दुसऱ्याने लिहिलं, त्याची इस्त्री. सांगायचं राहून गेलं. मग कोणाची छत्री, कोणाची कढई, एकाची मुलाच्या सायकलची चेन. एका खानावळवाल्याने तीन मिक्सर वाचवले होते. आणि मग, मला अजून खरं वाटत नाही, सुप्रभातकरांनी लिहिलं: “आमच्या घरातली गिझरची वायर मी वहिनींच्या पोस्टवरून बदलली. दर रविवारी वाचतो. माझ्या गटात हजार फुलं येतात, पण असं कोणी काही विचारत नाही.”

ही केव्हा येऊन माझ्या मागे उभी राहिली ते कळलं नाही. हातातल्या फोनवरून एकेक वाचत होती. पंख्याचा वारा आम्हा दोघांवर आलटून पालटून येत होता.

“इतके दिवस सगळे इथेच होते?” ही म्हणाली.

“होते.”

“मग बोलत का नव्हते?”

 “आमच्याच खात्यातले असतील,” मी म्हणालो.

हिने चष्मा काढून पदराने पुसला. चष्मा स्वच्छ होता. माझ्या लक्षात आलं, पण मी तफावत काढली नाही.

महिनाअखेरीस समितीने गट उघडला आणि तिला तो बंद करता येईना. कार्यवाहांनी तर समितीच्या बैठकीतच, त्यांच्या दवाखान्यातली रुग्णांची खुर्ची खाली जाताना का किंचाळते, असा प्रश्न टाकला. रुग्ण घाबरतात ते आपल्याला नव्हे, खुर्चीला, असं त्यांचं म्हणणं होतं. दोन्ही अर्जदारांना विचारण्यात आलं, खोलीत काय कराल? हिने सांगितलं. सुप्रभातकरांची पाळी आली तेव्हा ते म्हणाले, आम्ही एकमेकांना सुप्रभात म्हणू. मग स्वतःच जरा विचार करून त्यांनी अर्ज मागे घेतला आणि विचारलं, रविवारी वहिनींकडे हाताखाली माणूस लागेल का?

पहिल्या रविवारी खोली भरली. इतकी, की खुर्च्या कमी पडल्या. मी आणि मेहुण्याने घरून जेवणाच्या टेबलाच्या खुर्च्या वाहून आणल्या. नर्सबाई आल्या, बसड्रायव्हर आला, भूगोलाच्या बाईंनी आल्या आल्या हजेरी घेतली. ज्यांना आपण फक्त अक्षरांत ओळखतो त्यांना आवाज असतो, उंची असते, खोकला असतो, याची मोठी गंमत वाटते. कार्यवाहांनी उद्घाटनाचं भाषण केलं, ‘आपण सर्वांनी’ हे शब्द अनेकदा वापरले, आणि टाळ्या स्वीकारत ते आमच्या एका खुर्चीवर बसले.

खुर्चीचा मागचा पाय आधी विचारात पडल्यासारखा कलला. मग बाहेर सरकला. आणि कार्यवाह दोन्ही हात टाळ्यांच्या अवस्थेत, सावकाश, मंजूर न झालेल्या ठरावासारखे खाली बसत गेले.

कोणी हसलं नाही. सगळे उठून उभे राहिले. मागून बसड्रायव्हरचा आवाज आला, “साहेब, तो नट आणलाय का?”

मी खिशात हात घातला. पंखा उघडला त्या दुपारी मी याच खुर्चीवर बसलो होतो. टेबलावर सापडलेला नट पंख्याचाच असणार, असं गृहीत धरून तीनशे माणसांनी आठवडाभर खल केला होता, आणि तो माझ्या बुडाखालून सुटलेला, मीच धूळ पुसताना उचलून टेबलावर ठेवलेला. मी वाकलो. पायाच्या बोल्टावर नट ठेवला. तो बसला. भरल्या खोलीत, मंडळाच्या पहिल्याच बैठकीत, पहिली दुरुस्ती माझ्या खिशातून झाली. कार्यवाह जमिनीवरूनच म्हणाले, आपण सर्वांनी करून दाखवलं. मी त्यांना हात दिला.

पुढच्या आठवड्याची पोस्ट अर्थातच डुगडुगणाऱ्या खुर्चीवर होती. बोल्ट कसे तपासावेत, नट का सुटतात, सुटण्याआधी खुर्ची काय काय सांगत असते. फोटोत अंगठा. पोस्ट पडताच मी वाचली, उठलो, घरातल्या सगळ्या खुर्च्या उलट्या करून आवळल्या, आणि कोणी लिहायच्या आत पहिली कॉमेंट टाकली:

“वाचले. करून पाहिले. चारही खुर्च्या घट्ट झाल्या. त्यांतल्याच एकीवर बसून हे लिहितो आहे.”

पलीकडच्या खोलीत फोन वाजला. मग हिचं हसणं ऐकू आलं. आणि माझ्या कॉमेंटखाली, सगळ्या तीनशे सभासदांच्या देखत, मंडळाच्या संचालिकेचं एका शब्दाचं उत्तर उमटलं:

“समाधानकारक.”

मी ते छापून घेतलं आहे. चौकट करायला टाकली आहे.